खात्याने दिलेला माणूस

नळांच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे सावकाशभाऊ म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं हे त्यांना एकदा काम करताना पाहिलं की कळायचं. गिऱ्हाइकाकडून परत आलेला नळ उघडून तो का बिघडला ते शोधायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या खात्यातली बाकीची माणसं नळ हातात घेत, पान्याने उघडत, 'वायसर गेला', 'आटे झिजले' असं एका दमात सांगून पुढचा उचलत. सावकाशभाऊ आधी नळ कानाशी धरून फिरवत. मग नाकाशी नेत. मग चष्मा पुसत, आणि मग कुठे पाना हातात घेत. कुणी घाई केली की म्हणत, "सावकाश. नळ काय पळून जातोय?" त्यांच्या मेजावरचा ढीग संध्याकाळीही सकाळइतकाच असायचा. आणि एवढं करून निदान निघायचं ते बाकीच्यांचंच: वायसर गेला, आटे झिजले.

माणूस मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणाला उलट बोलणं नाही, कुणाची चहाडी नाही. खात्यात ते असले की बरं वाटायचं, इतकंच. जसं खोलीत जुनं घड्याळ असलं की वाटतं, वेळ बरोबर दाखवत नसलं तरी.

कारखाना जुना. त्याचा नळ आजोबांनी बसवला तर नातवाला पुरतो, अशी ख्याती होती आणि तीच पंचाईत होऊन बसली होती. नळ बिघडला तरी दुरुस्त होऊन पुन्हा चालतो, म्हणून नवा कुणी घेत नाही; आणि नवी घरं बांधणारे नव्या कंपन्यांचे चकचकीत नळ घेतात. काहीतरी नवं काढायला हवं, हे मालकांना पटलं होतं. त्यांनी आधी सूचनांची पेटी लावली. तिच्यात 'चहा फार पातळ असतो' ही एकच सूचना वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येत राहिली. मग त्यांनी समिती नेमली. समितीने पुष्कळ विचार केला आणि चहा सुधारला.

शेवटी मालकांची पुतणी शिकून परत आली. कारखान्यात तिला छोट्या बाई म्हणत. तिने काकांना सांगितलं, की रोजच्या कामात मान बुडालेल्या माणसाला नवं सुचणार कसं? त्याला त्यातून बाहेर काढा. वेगळी खोली द्या, वेळ द्या, चुकायची मुभा द्या. काकांनी वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली दिली आणि सगळ्या खात्यांना निरोप गेला: प्रत्येकाने आपला सर्वांत चांगला माणूस नव्या खोलीसाठी द्यावा, पूर्ण वेळ.

सावकाशभाऊंच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलेले. एक साहेब झाला, दुसरा सावकाश झाला.

"बसा," साहेब म्हणाले. "वरून निरोप आलाय. आपल्या खात्यातून तुमची निवड केलीय."

"माझी?"

"मग? तुमच्याशिवाय दुसरं कोण येणार डोळ्यांसमोर?"

सावकाशभाऊ त्या दिवशी घरी पोहोचले ते नेहमीपेक्षा लवकर. बायकोने दार उघडलं तर चेहरा असा, की तिला आधी वाटलं काहीतरी बिनसलं. मग बातमी कळली. तिने हात पुसले आणि शेजारी गेली, तिथून समोरच्या घरी, मग फोनवर भावाला. रविवारी भाऊ मुद्दाम भेटायला आला.

"भाऊजी, सावकाश का होईना, पण निवडलं!" तो म्हणाला.

"तू गप रे," बायको म्हणाली. "सगळ्या खात्यातून एक माणूस घेतलाय. एक."

सावकाशभाऊ खाली बघून हसत होते. वयाच्या त्या टप्प्यावर, जिथे माणूस आता आपलं काही व्हायचं नाही हे स्वतःशी मान्य करून बसतो, तिथे कुणीतरी त्यांचं नाव घेतलं होतं. त्यांनी दोन नवे सदरे शिवायला टाकले.

वरच्या खोलीला पिवळा रंग दिला होता. मध्ये गोल मेज, एक भिंत पूर्ण पांढरी, तिच्यावर हवं ते लिहायचं आणि पुसायचं. छोट्या बाई सगळ्यांना काका-मावशी म्हणत आणि रोज सकाळी तेच सांगत: "तुम्ही या कारखान्यातली सर्वांत चांगली माणसं आहात. हे विसरू नका." सावकाशभाऊ विसरत नसत. इस्त्रीचा सदरा घालून, मान ताठ करून बसत.

बाकीची माणसं तिघंच. हिशेब खात्यातून आलेल्या हिशेबमावशी. निवृत्ती तोंडावर आलेली, बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली, पण तोंड अगदी सरळ. विक्री खात्यातला एक तरुण, ज्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बंदच होत नसे. आणि ओतकाम विभागातले ओतारी. वितळलेल्या पितळेचं भांडं उचलताना त्यांची पाठ गेली होती. ते पाठीशी उशी घेऊन खिडकीजवळ बसत आणि फारसं बोलत नसत. बोलले तर 'बरं' म्हणत.

एका दुपारी चहा चालला होता. रेडिओ नेहमीप्रमाणे आपल्या जुन्या साहेबांची नक्कल करत होता. "'जा बाबा तिकडे. तिकडे जाऊन डोकं खा. आमची सुटका तरी होईल!' अस्सं म्हणाले. तोंडावर!"

हिशेबमावशी खळखळून हसल्या. "माझं तर सरळच होतं. कशाला नवीन काम शिकवायचं हिला, जायचीच आहे. ओतारीभाऊंची पाठ. तुझं तोंड. छोट्या बाई बिचाऱ्या सर्वांत चांगला माणूस मागतात, आणि खाती काय वेडी आहेत? चांगला माणूस कोण देतं? ज्याच्यावाचून अडत नाही तो देतात." मग त्या सावकाशभाऊंकडे वळल्या. मनात काही वाईट नव्हतं. गाडीत शेजारच्याला कुठे उतरणार विचारतात, तसं विचारलं. "तुम्हाला काय म्हणून दिलं हो?"

"मला निवडलं," सावकाशभाऊ म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रेडिओ चक्क गप्प झाला. ओतारींनी कपात पाहिलं, जणू चहात काहीतरी पडलंय. आणि मावशी घाईघाईने म्हणाल्या, "हो, हो, तुमचं वेगळं आहे."

सावकाशभाऊंचे कान तापले. नव्या सदऱ्याची कॉलर मानेला टोचू लागली.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ते आपल्या जुन्या खात्यात गेले. साहेबांना विचारायचं होतं. विचारावं लागलं नाही. त्यांच्या मेजावर ढीग नव्हता. खोकी रचून ठेवली होती, आणि त्यांच्या स्टुलावर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवला होता. खातं सुरळीत चाललं होतं. खरं सांगायचं तर आधीपेक्षा बरं.

"या, या!" साहेब म्हणाले. "तुम्ही गेल्यापासून..." आणि तिथेच अडले. सभ्य गृहस्थ होते, धडधडीत खोटं बोलता येईना. "तब्येत काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," सावकाशभाऊ म्हणाले आणि जिना चढून वर आले.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. सांगणार काय? बायको अजून लोकांना सांगत होती. वाण्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "तुम्हाला निवडलं म्हणे!" आणि त्यांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. इस्त्रीचे सदरे मात्र ते घालत राहिले. एकदम बंद केले तर बायको विचारील, ही भीती.

पण नवल असं, की त्या नको असलेल्या माणसांच्या खोलीत एक गोष्ट खरोखरच निघाली. मावशींना वाकड्या बोटांनी नळ फिरवता येत नसे. त्या मनगटाने ढकलायच्या. रेडिओने ते पाहून आरडाओरडा केला. "मावशी, परत करा! परत करून दाखवा!" मग बोटं न लावता मनगटाने किंवा कोपराने उघडेल असा लांब दांड्याचा नळ भिंतीवर काढला गेला, पुसला गेला, पुन्हा काढला गेला. ओतारींनी दांडा कुठे जाड हवा ते हाताने हवेत दाखवलं. सावकाशभाऊंनी दांडा किती वेळा ढिला पडतो ते बसून पाहिलं, आणि हे काम सावकाश करण्याचंच होतं. पहिल्यांदाच त्यांना कुणी घाई केली नाही. छोट्या बाई त्यांच्याकडे बोट दाखवून 'काकांना विचारा' असं म्हणू लागल्या. त्यांच्या मानेतला ताठा आता परत येत नव्हता, पण मान निदान वर राहू लागली.

मालकांनी नमुना पाहिला आणि मान डोलावली. काही नळ आधी म्हाताऱ्या माणसांच्या घरी बसवून बघा, म्हणाले. जुन्या वस्तीत, लिफ्ट नसलेल्या इमारतींत. तिथे रोज जायचं, मोरीत वाकून जुना नळ काढायचा, नवा बसवायचा, माणसं तो कसा वापरतात ते बघायचं. हे काम वेगळ्या तुकडीकडे दिलं होतं, आणि तुकडीच्या प्रमुखाने नव्या खोलीकडे निरोप पाठवला: तुमचा सर्वांत चांगला माणूस द्या, पूर्ण वेळ.

छोट्या बाई बाहेरगावी निघाल्या होत्या. "काका, तुम्ही ज्येष्ठ. नाव तुम्हीच कळवा," म्हणाल्या आणि गेल्या.

सावकाशभाऊ पांढऱ्या भिंतीसमोर बसले. त्यांना ठाऊक होतं की या कामाला योग्य माणूस रेडिओ आहे. तो कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरेल, म्हातारीला हसवील, ती काय बोलत नाही तेही तिच्याकडून काढून घेईल. पण रेडिओ गेला तर खोली मुकी होणार. मावशी जाऊ शकत नव्हत्या. स्वतः? स्वतःचं नाव मनात आलं आणि त्यांनी ते घाईने बाजूला सारलं. पुन्हा आपणच दिलं जायचं? आता कुठे कुणी 'काकांना विचारा' म्हणायला लागलं होतं. मग नजर खिडकीजवळच्या उशीकडे गेली. ओतारी. त्यांच्यावाचून अडत नाही. पाठ? हो, पाठ आहे. पण रोज थोडंच फार वाकावं लागणार आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच कळत होतं की हे आपण स्वतःला सांगतो आहोत.

त्यांनी नाव कळवलं. मग ओतारींजवळ जाऊन बसले.

"भाऊ, तुमची निवड केलीय."

ओतारींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे मीच नाव दिलं. तुमच्याशिवाय दुसरं कोण येणार डोळ्यांसमोर?"

हे शब्द आपल्या तोंडून बाहेर पडलेले त्यांनी ऐकले. कुणाचे आहेत तेही ओळखलं.

"वाकावं लागेल का?" ओतारींनी विचारलं.

"सावकाश करायचं," सावकाशभाऊ म्हणाले.

"बरं," ओतारी म्हणाले.

त्या संध्याकाळी ताटात वाढलेलं तसंच राहिलं. बायको समोर येऊन बसली. "काय झालंय ते आता सांगणार, की उद्या शेजाऱ्यांकडून ऐकू?"

त्यांनी सांगितलं. आधी ओतारींचं, मग ते समजावं म्हणून स्वतःचंही सांगावं लागलं: मेजावरची खोकी, स्टुलावरचा डबा, मावशींचा प्रश्न. बायको ऐकत राहिली. सगळ्या गल्लीला जिने सांगितलं होतं तिच्यासमोर हे बोलताना त्यांना वाटत होतं, आपण जमिनीत गेलो तर बरं.

"एवढंच?" ती म्हणाली. "तुम्ही मागणी कुणाला घातली होती, आठवतंय? माझ्या ताईला. ती नाही म्हणाली, म्हणून मी. मीही उरलेलीच होते. झाला ना संसार? मी कधी तोंड लपवून बसले का?"

ते हसले, नकळत.

"हसू नका," ती म्हणाली. "तुम्हाला दिलं त्यात तुमची लाज कसली? देणाऱ्याची. पण त्या माणसाला पाठ मोडलेली असताना वाकायला पाठवलंत, ही लाज तुमची. ती कुणावर ढकलता येणार नाही." आणि तिने ताट उचललं. जेवा असा आग्रह केला नाही.

छोट्या बाई परत आल्या त्या सकाळी सावकाशभाऊ दारातच उभे होते. "ओतारींचं नाव काढा. चुकीचं दिलं."

"पण काका, तुम्ही तर सर्वांत चांगला माणूस..."

"सर्वांत चांगला नाही दिला. ज्याच्यावाचून अडणार नाही तो दिला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माणूस मागितला की असंच देतात, बाई. पाठ दुखते, हे मला माहीत होतं."

"असंच देतात म्हणजे?" तिने विचारलं, आणि विचारताना तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. तिने खोलीत नजर फिरवली. मावशी, रेडिओ, रिकामी उशी. "म्हणजे मलाही... सगळ्या खात्यांनी?"

"हो."

"तुम्हालाही?"

सावकाशभाऊंनी सदऱ्याची कॉलर सैल केली. इतके दिवस सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती, तरी स्वतःच्या तोंडाने ती कारखान्यात कधी म्हटली नव्हती. "मलाही," ते म्हणाले.

छोट्या बाई लाल झाल्या. रोज सकाळी म्हटलेलं ते वाक्य त्यांना आठवत असणार. "आणि तुम्ही सगळे ऐकून घेत होता?"

"ऐकायला बरं वाटायचं गं," मावशी म्हणाल्या.

छोट्या बाईंनी विचारलं, "मग आता नाव कुणाचं?"

"रेडिओचं. त्याच्यावाचून आपलं अडेल, म्हणूनच तो. आणि वाकायला मी जातो त्याच्याबरोबर."

"अरे देवा," रेडिओ म्हणाला, "म्हणजे एका दिवसात एकच नळ!" पण उठून त्याने पिशवी आवरायला घेतली.

ओतारी उशिरा आले. सावकाशभाऊंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तुमचं नाव काढलंय. वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. ओतारींचा चेहरा पडला.

"घरी सांगून बसलोय," ते म्हणाले. "पाठ गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी सांगण्यासारखं होतं. आता काय सांगू? निवडलं होतं, मग नको म्हणाले?"

सावकाशभाऊंच्या आता ध्यानात आलं. ज्या जागेवर आपण कुढत बसलो होतो, तिथेच या माणसाला आपण दोनदा बसवलं: एकदा नाव देऊन, एकदा काढून.

"मी येतो घरी," ते म्हणाले. "मी सांगतो."

ओतारींचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. त्यांच्या बायकोने ठेवणीतले कप काढले होते. "तुम्हीच ना निवड करणारे?" तिने विचारलं. "हे सांगत होते."

"वहिनी, ती निवड रद्द झालीय. ह्यांचा काही दोष नाही. चूक माझी."

तिने कप खाली ठेवला आणि एकदम मोठा श्वास सोडला. "सुटले बाई! हे खुशीत होते म्हणून मी बोलले नाही, पण डोळ्याला डोळा नाही माझ्या. त्या मोरीत वाकले असते तर उठले असते का हे? तुम्ही विचार केलात, घरापर्यंत आलात. असं कोण येतं हो?" आणि ती त्यांच्या कपात आणखी चहा ओतू लागली.

तिथे गप्प बसता आलं असतं. ओतारी गप्पच होते. चहा चांगला होता, समोरची बाई आभार मानत होती आणि कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. सावकाशभाऊंनी कपावर हात धरला.

"वहिनी, आभार नका मानू. पाठीचं मला आधीच माहीत होतं. माहीत असून नाव दिलं. मला स्वतःला जायचं नव्हतं, म्हणून."

किटली तशीच हवेत राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खरं-खोटं काही म्हणेना. मग तिने पाहुण्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत आता ते मघाचं काही उरलं नव्हतं. सावकाशभाऊंनी ती नजर चुकवली नाही. चुकवावीशी फार वाटली.

"अगं," ओतारी म्हणाले, "त्यांचा चहा निवतोय."

तिने किटली खाली ठेवली आणि आत गेली. सावकाशभाऊंनी कप उचलला. ओतारी पाठीमागची उशी सारखी करत म्हणाले, "सावकाश प्या."